चक्की ओढ्यापलीकडे

“मावशी, सोमवारी ट्रक पाठवतो. तोपर्यंत चक्की खोलून ठेवा,” बोरसे फोनवर म्हणाला.

मी उंबरपाड्यात चक्कीच्या शेडबाहेर एका दगडावर बसले होते. मोलगीच्या पुढे मोबाईलची रेंज शोधावी लागते आणि उंबरपाड्यात ती या एकाच दगडावर सापडते. मागे चक्की चालू होती, म्हणून मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली.

“खोलून? का रे? चांगली चालतेय की.”

“चालतेय म्हणूनच. उंबरपाड्यात लाईट आली ना आता. लाईट असलेल्या ठिकाणी सोलर ठेवता येत नाही. वरून सांगितलंय.”

हा बोरसे माझा साहेब. मी वीज खात्यात असताना तो माझ्या हाताखाली नवा ज्युनियर इंजिनीअर म्हणून आला होता. खांबावर चढायला घाबरायचा. आता डोंगरपाड्यांतल्या सोलर योजनेचा प्रमुख तो, आणि निवृत्तीनंतर घरात करमत नाही म्हणून मी त्याची सल्लागार. काम असलं की मला मावशी म्हणतो, रागावला की मॅडम.

“कुठे नेणार?” मी विचारलं.

“जिथे लाईट नाही अशा वस्तीत.”

“कुठल्या?”

“ते अजून ठरलं नाही. तूर्त नंदुरबारला गोदामात.”

गोदाम मला माहीत होतं. त्यात याआधी आणलेल्या चक्क्या, पंप आणि पॅनल होते. पॅनलवर कबुतरं बसतात. वस्ती कधीच ठरत नाही.

आता ही चक्की काय आहे ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. एका लोखंडी सांगाड्यावर दहा सोलर पॅनल. त्यांची वायर शेडमधल्या एका डब्यात येते. त्या डब्याला आम्ही ड्राईव्ह म्हणतो. पॅनलमधून येणारा करंट एकाच दिशेने वाहतो, आणि चक्कीच्या मोटरला लागतो थ्री-फेज, म्हणजे शेतातल्या मोठ्या पंपाला लागतो तसला. ड्राईव्ह हा बदल करून देतो. बॅटरी नाही. ऊन असेल तोवर दळायचं, ढग आला की तंबाखू मळायची.

आणि जी लाईट आली होती तीही सांगते. दिवाळीच्या सुमारास चार खांब आले, एक ट्रान्सफॉर्मर आला, काही घरांना मीटर लागले. कागदावर पाडा उजळला. प्रत्यक्षात बल्ब विडीच्या टोकाइतका पेटायचा, तोही लहर लागली तर. शिवाय ती लाईन सिंगल-फेज. तिच्यावर घरातला बल्ब लागतो, चक्कीची मोटर फिरत नाही. म्हणजे सोलर नेली तर उंबरपाड्यात लाईट असणार होती आणि पीठ नसणार होतं.

बायांनी पुन्हा जातं ओढायचं, नाहीतर डोक्यावर धान्य घेऊन मोलगीला जायचं आणि जीपवाल्याची वाट बघायची. चार पाड्यांचं दळण या एका चक्कीवर होतं.

तरुण असते तर मी बोरसेचंच ऐकलं असतं. तरुणपणची मी म्हणजे एक नमुना होते. तापीकाठच्या गुजर पाटलांची पोर. घरी केळीला पाणी द्यायचे पंप रात्रंदिवस चालायचे, त्यामुळे वीज म्हणजे भिंतीतून आपोआप येणारी वस्तू अशी माझी समजूत. वेणी कमरेपर्यंत, आणि अक्कल त्या वेणीच्या टोकाला बांधलेली. डोंगरात पहिला खांब उभा केला तेव्हा मी गॉगल लावून त्याला टेकून फोटो काढून घेतला होता. त्या खांबात करंट नव्हता, सगळा माझ्या चेहऱ्यावर होता. मग मी जमलेल्या बायांना अस्सल शाळेच्या मराठीत अँपिअर म्हणजे काय ते समजावलं. त्या घरी भिली बोलणाऱ्या. माझं झाल्यावर एक म्हातारी शेजारणीला काहीतरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. ड्रायव्हरने अर्थ सांगितला, ‘या पोरीला उन्हाचा त्रास झालाय, हिला सावलीत बसवा.’

असो. फोन ठेवून मी आत गेले. चक्की चालवणारी सेवंती चक्कीच्या तोंडाशी उभी होती. केसांवर, भुवयांवर पीठ. वय तिशीचं, पण दिवसभर ती माझ्यासारखीच पांढरी दिसते. तिला मी सगळं सांगितलं.

सेवंतीने चक्की बंद केली नाही. चक्कीच्या आवाजात ओरडून म्हणाली, “तुझा साहेब बरा आहे ना, डोकरी? ताप-बिप नाय ना?”

डोकरी म्हणजे म्हातारी. डोंगरात मला सगळे डोकरी म्हणतात आणि सगळे तू म्हणतात. मला ते आवडतं. मॅडम म्हटलं की मला वाटतं कोणी तरी सही मागणार.

“तो म्हणतो इथे लाईट आहे.”

“मग त्या लाईटवर त्याने दळून दाखवावं. मी टोपलं धरते.”

रांगेतल्या बाया हसल्या. पण सेवंती हसत नव्हती. दळण संपल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली.

“गोदामात गेली की परत येते का?”

“आजपर्यंत एकही आली नाही.”

“आणि त्याने काय सांगितलं? जिथे लाईट नाही तिथे न्यायची?”

“हो. तसंच म्हणाला.”

सेवंतीने हनुवटीने समोर दाखवलं. खाली ओढा, आणि ओढ्यापलीकडच्या टेकाडावर मोहपाडा. तिथे एकही खांब नव्हता. खांब लावणारे ओढ्यापर्यंत आले, पाणी बघितलं आणि परत गेले.

“तिथे नाय लाईट,” ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं. अशा वेळी शहाण्या माणसाने वरिष्ठांना फोन करून परवानगी घ्यायची असते. मी विसरले. या वयात विसरायची मुभा असते, आणि मी ती जपून वापरते.

मी एकच शंका काढली. “मग उंबरपाड्याच्या बाया ओढा उतरून दळायला जातील?”

“पाण्याला रोज उतरतोच की. नंदुरबारच्या गोदामात तर नाय ना जावं लागणार दळायला.”

शनिवारी लाहा ठरला. लाहा ही इथली कामाची पद्धत आहे. एखाद्याचं घर बांधायचं किंवा हलवायचं असलं की शेजारपाजारचे सगळे येतात. मजुरी कोणी मागत नाही. ज्याचं काम, त्याने जेवण घालायचं. इथली घरं लाकडाची आणि बांबूची. अख्खं घर सोडवून खांद्यावर घेऊन दुसऱ्या टेकाडावर नेऊन उभं करतात. आमच्याकडे तापीकाठी घर हलवायचं म्हटलं तर तीन पिढ्या कोर्टात जातात.

वेळही बरी होती. होळी जवळ आलेली. ऊसतोडीला गुजरातेत गेलेली माणसं परतली होती, काठी गावच्या होळीला नाचायला ढोल बाहेर निघाले होते. खांदे भरपूर होते.

शनिवारी सकाळी माणसं जमली, आणि खेमजी, म्हणजे सेवंतीचा सासरा, पाना घेऊन थेट पॅनलच्या वायरीला भिडला. मी किंचाळले.

“हात काढ! मरशील!”

“बटण बंद केलंय ना तू?”

इथे थोडं समजून घ्या. घरातला करंट मेन स्विचने बंद होतो. सोलर पॅनलला तसा स्विच नाही. बटण बंद केलं की मोटरकडे जाणं थांबतं, पण ऊन पडतंय तोवर पॅनल करंट बनवतच राहतो. दहा पॅनल एकामागे एक जोडले की त्यांचे व्होल्ट एकत्र होतात आणि माणूस मारायला पुरतात. चालू जोड ओढला तर ठिणगी पडते, आणि ती घरच्या ठिणगीसारखी विझत नाही, जळत राहते.

“मग सूर्याला बंद करू काय?” खेमजीने विचारलं.

“हो,” मी म्हटलं. “गोधड्या आणा.”

घराघरातून गोधड्या आल्या. चौकडीच्या, जुन्या साड्यांच्या, एक तर बाळंतिणीच्या अंगावरची काढून आणली, ती मी परत पाठवली. दहाही पॅनलवर दुहेरी गोधड्या टाकल्या, कडेने दोरीने बांधल्या. मीटर लावून बघितलं. काटा खाली बसला. मग मी स्वतः एकेक जोड सोडवला. कोणालाही हात लावू दिला नाही. वीज खात्यात एवढी वर्षं काढली आणि हात-पाय शाबूत ठेवले ते याच खोडीमुळे.

मोहाची बाटली कुठून तरी आली होती. मी जाहीर केलं, शेवटचा नट बसेपर्यंत बाटली माझ्या पिशवीत राहील. यावर पुरुषांनी इतक्या वेगाने काम केलं की खात्याच्या कंत्राटदाराला बघून रडू आलं असतं.

पॅनल दोघादोघांनी नेले, काच आकाशाकडे, जसं आजारी माणसाला नेतात. चक्कीचं लोखंड आठ जणांनी बांबूला अडकवून खांद्यावर घेतलं. शेडचे बांबू-पत्रे पोरांनी उचलले. दगडी पाळू, म्हणजे दळणारे दगड, सेवंतीने दुसऱ्या कोणाला दिले नाहीत. ओढ्यात पाणी गुडघ्याएवढं. ड्राईव्हचा डबा मी स्वतः उरापाशी धरून नेला. मध्यावर माझा पाय घसरला. मी डबा वर धरला आणि स्वतः पाण्यात बसले. बाया टाळ्या वाजवू लागल्या.

मोहपाड्यात शेडची जागा मी आधीच बघून ठेवली होती. सावली कुठून येते, झाड कुठे आहे, सगळं तपासलं होतं. टेकाडाचा उघडा माथा. सांगाडा उभा करणं मी खेमजीवर सोपवलं, कारण लाहात असंच असतं, ज्याने जे सोडवलं त्यानेच ते बसवायचं. मी शेडमध्ये वायरिंग करत बसले.

जेवणाला उडदाची डाळ आणि भाकरी होती. दोघा गड्यांनी होळीचं व्रत धरलं होतं, म्हणून ते बाईच्या हातचं जेवत नव्हते. बाजूला तीन दगडांची चूल मांडून स्वतःची भाकरी स्वतः भाजत होते. मी त्यांना म्हटलं, हे व्रत माझ्या घरच्या पुरुषांना कसं लावायचं ते सांगा. बाटली परत दिली. कपडे वाळले नव्हते, पण मी इतकी खूश होते की थंडीही लागली नाही.

रविवारी ऊन चढल्यावर गोधड्या काढल्या. चक्की सुरू केली. रिकामी छान फिरली. सेवंतीने ज्वारी ओतली. चक्की घरघरली, हळू झाली आणि थांबली.

पुन्हा लावली. पुन्हा थांबली.

सगळे माझ्याकडे बघू लागले. दुसऱ्या दिवशी ट्रक येणार होता. चालणारी चक्की वाचवायला भांडता येतं. बंद चक्कीसाठी काय भांडणार? बोरसेला फक्त ‘बंद आहे’ एवढं म्हणायचं होतं, की ती गोदामात.

मी ड्राईव्ह उघडला. ठीक. जोड तपासले. ठीक. पाण्यात डबा भिजला असेल म्हणून स्वतःला शिव्या दिल्या. तो कोरडा होता. मोटर ठीक, पट्टा ठीक. दुपार होत आली. डोकं तापलं म्हणून बाहेर आले आणि पॅनलच्या पुढे जाऊन उभी राहिले. तिथे छान सावली होती.

सावली पॅनलच्या पुढे पडली होती. ती मागे पडायला हवी.

आपल्याकडे सूर्य दक्षिणेच्या बाजूने कलून जातो, म्हणून पॅनलचं तोंड दक्षिणेला ठेवतात. हे मी गेली कित्येक वर्षं लोकांना सांगत आलेय. आणि माझ्या डोळ्यांसमोर दहाही पॅनल उत्तरेला तोंड करून उभे होते. तिरप्या उन्हात रिकामी चक्की फिरवण्याइतकाच करंट निघत होता.

“खेमजी! हे तोंड इकडे कोणी केलं?”

खेमजी शांतपणे म्हणाला, “तसंच असतं. डोंगर पाठीला, ओढा पुढे. तिथेही तसंच होतं.”

खरं होतं. उंबरपाडा ओढ्याच्या उत्तरेला. तिथे ओढ्याकडे तोंड केलं की ते आपोआप दक्षिणेला येतं. मोहपाडा ओढ्याच्या दक्षिणेला. इथे ओढ्याकडे तोंड म्हणजे उत्तर. इथलं प्रत्येक घर डोंगराला पाठ देऊन ओढ्याकडे बघतं, तर यांच्या दृष्टीने चक्कीने पाहुण्यासारखं उलटं का बसावं? आणि मी? मी सावली बघितली, झाडं बघितली, आणि दक्षिण हा शब्द तोंडातून काढला नाही. इतकं सोपं काय सांगायचं, असं वाटलं. वेणी गेली, पण टोकाला बांधलेली अक्कल सुटून वर चढायची ती चढलीच नाही.

“फिरवायचं,” मी म्हटलं.

“सगळं परत सोडवायचं?” एक जण म्हणाला. कालच्या बाटलीने त्याचं डोकं दुखत होतं.

“सोडवायला वेळ नाही,” सेवंती म्हणाली. “आख्खं उचला.”

मी नको म्हणणार होते. काच होती, वजन होतं. पण पर्याय नव्हता. गोधड्या पुन्हा चढल्या, वायर काढली, चारी पायांभोवतीचे दगड-माती उकरली. जेवढे पुरुष तेवढ्या बाया सांगाड्याखाली शिरल्या. एकाने ढोल घेतला. “डम” वर उचल, “डम” वर पाऊल. गोधड्यांनी मढलेला तो सांगाडा माणसांच्या खांद्यावर हळूहळू गोल फिरला. मी पुढे उभी राहून दोन्ही हातांनी दिशा दाखवत होते, चौकातल्या पोलिसासारखी. एक कोपरा खाली गेला तेव्हा मी डोळे मिटले. उघडले तेव्हा सेवंतीने तो खांद्यावर तोलला होता आणि खेमजीला भिलीत काहीतरी सुनावत होती. ते मी इथे लिहीत नाही.

पाय पुन्हा रोवले. गोधड्या काढल्या. ज्वारी ओतली. पीठ पडलं. ऊन उतरेपर्यंत आम्ही दळत बसलो. गरज नव्हती, पण कोणाला थांबवत नव्हतं.

सोमवारी बोरसे ट्रक घेऊन उंबरपाड्यात आला. त्याला तिथे सिमेंटचे चार ओटे आणि त्यातून वर आलेले बोल्ट दिसले. ट्रक तिथेच सोडून तो ओढा उतरून वर आला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बूट हातात. मागे दोन हमाल आणि ड्रायव्हर.

“मॅडम,” तो म्हणाला.

“ये. पाणी घे.”

“पाणी नको. हाई काय शे?” रागावला की तो अहिराणीवर येतो. “मन्ही नोकरी जाई ना, मॅडम!”

“का जाईल? तू म्हणालास लाईट नाही तिथे न्यायची. नेली. वर बघ. तार दिसते का कुठे?”

त्याने खरंच वर बघितलं. मला जरा कीव आली.

“मी गोदामात म्हटलं होतं.”

“ते तूर्त म्हणाला होतास. आम्ही तूर्तची पायरी गाळली.”

“ही सरकारी वस्तू आहे. तुम्ही न विचारता हलवलीत. याला चोरी म्हणतात.”

“चोर माल लपवतो,” मी म्हटलं. “आम्ही टेकाडाच्या माथ्यावर ठेवलीय आणि तिचा आवाज तुला ओढ्यातूनच ऐकू आला असेल. मला नोटीस काढ. पेन्शन चालू आहे माझी.”

तो वळून हमालांना म्हणाला, “चला रे, खोला.”

सेवंती चक्कीपासून हलली नाही. पिठाचा हात लुगड्याला पुसत म्हणाली, “ने साहेब. पण न्यायला माणसं आण. आमची माणसं लाहाला येतात, ट्रकला नाय येत.”

हमाल दोघेही डोंगरातलेच होते. त्यातला मोठा खाली बघत म्हणाला, “साहेब, लाहात बसवलेलं आहे. मजुरी घेऊन ते आम्ही नाय सोडवणार.” धाकट्याने पाना खाली ठेवला.

बोरसेने ड्रायव्हरकडे बघितलं. ड्रायव्हर विसरवाडीचा, हायवेवर वाढलेला माणूस. तो म्हणाला, “साहेब, मन्ही गाडी या नालामा नही जास. मी आधीच सांगस.”

बोरसे पोत्यावर बसला. पाणी मागितलं. मग हळू आवाजात म्हणाला, “मावशी, वर काय सांगू?”

“सांग की हलवली. लाईट नसलेल्या वस्तीत हलवली. चालू स्थितीत. तुझ्या योजनेत एवढ्या लवकर काम झालेलं कोणी पाहिलंय?”

त्याला हसू आलं, पण त्याने ते दाबलं. चक्कीचा फोटो काढला. जाताना सेवंतीने त्याला मोहपाड्याचं पहिलं पीठ बांधून दिलं. त्याने नाही-नाही म्हणत घेतलं आणि बूट हातात धरून ओढा उतरला. पिठाची पिशवी मात्र डोक्यावर होती.

चक्की अजून मोहपाड्यात आहे. माझी सल्लागारी पुढे वाढवली नाही. कारण दिलं वय. मी विचारलं, घेताना माझं वय काय तुम्ही फोटोवरून ठरवलं होतं? मी आता जीपने स्वखर्चाने जाते, आणि पाहुणी म्हणून जेवून येते.

सगळं गोड झालं असं नाही. पावसाळ्यात ओढा चढतो तेव्हा उंबरपाड्याच्या बाया अलीकडेच अडकतात आणि जातं ओढतात. सेवंती साकवासाठी, म्हणजे लाकडी पुलासाठी, सगळ्यांच्या मागे लागलीय. वैशाखातल्या वाऱ्यात उंबरपाड्याचा ट्रान्सफॉर्मर जळाला. तो अजून बदललेला नाही. तरीही कागदावर तिथे लाईट आहे.

या धंद्यात उभा जन्म काढून मला एवढंच कळलं. गावात वीज आली की नाही हे खांब बघून ठरवू नका, साहेबाला तर मुळीच विचारू नका. चक्कीत ज्वारी ओता. खाली पीठ पडलं तर आली.